दादाचा उजवा हात

मरोळच्या आमच्या गाळ्यात पत्र्याचे तुकडे रोज झाडले तरी संध्याकाळी तेवढेच साचतात. दादाच्या हाताच्या गोष्टींचं तसंच आहे. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ विजू. मला तो बारक्या म्हणायचा. गाळ्यातल्या प्रेस मशीनने त्याचा उजवा हात मनगटापासून नेला. मग एका ट्रस्टने बॅटरीवर चालणारा हात दिला. दादाला जाऊन दीड महिना झाला. लोक म्हणतात, एवढ्यात हसू नकोस. मी हसणार!

*

नव्या हाताचा पहिला दिवस. हजेरीच्या मशीनवर दादाने रबराचा अंगठा टेकवला. मशीन बोंबललं.

सुपरवायझर म्हणाला, "अंगठा जुळत नाही. डावा दे, नवीन नोंद करू."

"नवीन कशाला? माणूस जुनाच आहे!"

दादा हटला नाही. शेवटपर्यंत त्याची हजेरी वहीत लागली. सगळ्या गाळ्यात एकट्याची!

*

डब्याच्या सुट्टीत पंजा लढवायचे. शेजारच्या मशीनवरचा फ्रान्सिस दादाशी ओळीने तीनदा हरला.

"चीटिंग यार! हा तुझा हातच नाही."

"बरं. तू आधी चष्मा काढ, मग मी हात काढतो!"

*

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुसून मांडली, मशीनना झेंडूचे हार घातले. शेठ हळदकुंकू लावत आले आणि त्याच झपाट्यात दादाच्या हातालाही लावून गेले.

दादा तापला. "शेठ, हा हात आहे. पाना नाही!"

"अरे, मशीनच ना ते?"

"असं? मग पूजा झालेलं हत्यार आज चालवायचं नसतं." आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. जिलबी आली तरी तसाच.

"डाव्याने खा की रे!"

"डावा एकटा काम करत नाही शेठ. युनियन आहे!"

शेठनी भरवली जिलबी. स्वतःच्या हाताने!

*

दादा डेंग्यूने चार दिवसांत गेला. स्मशानातला माणूस म्हणाला, "पार्टमध्ये बॅटरी असेल. भट्टीत फुटेल, काढा."

पार्ट म्हणाला म्हणून मी त्याची कॉलर धरली. त्याची लाज वाटत नाही मला.

आई मालवणीत ओरडली, "माझ्या झिलाक अर्धो धाडतलस?"

शेवटी मीच काढला.

*

मग ट्रस्टचा फोन. हात परत द्या, दुसऱ्याला बसवायचाय. मी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा आईच म्हणाली, "देवन टाक रे. कोणाक तरी व्हयो आसात."

अंधेरीच्या ऑफिसात टेक्निशियन ताईंनी हात लॅपटॉपला जोडला. "काय कसं धरायचं, त्या त्यांच्या पकडी यात सेव्ह आहेत. नावं त्यांनीच दिलेली दिसतात."

स्क्रीनवर होतं: चहा. पाना. आईची पिशवी. बारक्याचा कान.

"बारक्या कोण?"

"मी."

"डिलीट करू ना सगळं?"

"शेवटचं आधी चालवा."

मी वाकून त्या बोटांमध्ये कान दिला. ताईंनी बटण दाबलं.

दादा कधी पिळायचा नाही. नुसता धरून ठेवायचा.

थोड्या वेळाने ताईंनी हळूच विचारलं, "आता पुसू?"

"हात न्या. ते पुसायचं नाही! ज्याला बसवाल त्याला सांगा, मरोळला एक कान आहे."