वापसी अक्का

ओळ संपली की अक्कांचा डावा हात आपोआप वर उठायचा आणि हवेतल्या हवेत उजवीकडे एक हिसका देऊन खाली यायचा. समोर कॉम्प्युटर, त्याला कसला आलाय ओळ परतवायचा दांडा? पण त्यांचं अर्धं आयुष्य टाइपरायटरवर गेलेलं. सेलूत त्यांचा टायपिंगचा क्लास होता आणि तालुक्यातल्या कितीतरी कारकुनांची बोटं त्यांनीच वळवलेली. पुढे मशिनं भंगारात गेली, क्लासला कुलूप लागलं, पण हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं. मी पहिल्या दिवशी ओढणी तोंडाशी धरून हसले, तर अक्का मान न वळवता म्हणाल्या, "हस पोरी. तुझ्या हाताला कायचीच सवय न्हाई, म्हणून हसायलीस."

आमचं ऑफिस म्हणजे जिनिंगच्या मशीनचे पट्टे विकणाऱ्या दुकानाच्या वरची लांबट खोली. कापसाच्या हंगामात खिडकी उघडली की कीबोर्डवर रुई येऊन बसायची. तिथे बसून आम्ही विमानाच्या जाहिरातींचं काम करायचो. तुम्ही मोबाइलवर एखाद्या शहराचं तिकीट नुसतं बघितलं, तरी पुढे कित्येक दिवस त्याच शहराची जाहिरात तुमच्या मागे लागते. ती जाहिरात कुणी बसून लिहीत नाही. ती एका भल्यामोठ्या तक्त्यातून येते, त्याला फीड म्हणतात. दर मार्गाला एक ओळ. कुठून, कुठे, दोन्ही विमानतळांच्या खुणेची अक्षरं, वर दिसायचं वाक्य, भाडं, शहराचा फोटो आणि तिकिटाच्या पानाची लिंक. पुण्याच्या एका कंपनीकडून हे काम आमच्याकडे यायचं. खोलीतल्या एकीनंही विमान आतून पाहिलेलं नव्हतं आणि त्यामुळे काही अडतही नव्हतं.

या कामात अक्कांचा एक कडक नेम होता. जायची ओळ टाकली की तिच्याच खाली लगेच यायची ओळ. पुणे ते नागपूर झालं की नागपूर ते पुणे. तक्त्यात ओळी कशाही असल्या तरी चालतं, मशीन त्या आपल्या आपण लावून घेतं, हे ऑफिस चालवणाऱ्या सरांनी त्यांना अनेकदा समजावलं होतं. अक्का ऐकायच्या आणि आपलंच करायच्या. दोन ओळींच्या मध्ये त्या पाणी प्यायलाही उठत नसत. "एकाला तिकडं सोडून आपून पाणी पीत बसावं का?" असं वर विचारायच्या. ऑफिसात त्यांचं नाव वापसी अक्का पडलं ते यामुळे. त्यांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही असावं.

आपल्याकडे घरातून निघताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. आपण सगळेच म्हणतो, पण तोंडातून जातं इतकंच. अक्का त्याची राखण करायच्या. एकदा पाण्याचा जार देणारा माणूस घाईत "चला, जातो" म्हणाला, तर त्याला जिन्यावरून परत बोलावून "येतो" म्हणायला लावलं. तो बिचारा खांद्यावर रिकामा जार घेऊन "येतो अक्का, येतो" करत उतरला. आम्ही पोट धरून हसलो. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांचा मन्मथ तेव्हा सौदीत, दमामला होता.

मन्मथ हा त्यांचा एकुलता मुलगा. नवरा लवकर गेला होता. पेडगावला थोडी जमीन होती, ती वाट्याने दिलेली, आणि अक्का पॅसेंजरने सेलूला ये-जा करायच्या. मन्मथ वायरमनचं शिकला आणि एका एजंटामार्फत सौदीत गेला. जाताना सांगून गेला होता की दोन वर्षांनी सुट्टीवर येतो. तिथल्या मालकाने पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवला आणि सुट्टीचं नाव काढलं की आधी हे काम संपू दे म्हणायचा. ते संपलं की दुसरं निघायचं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. अक्का फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवायच्या आणि भाकरी मोडता मोडता विचारायच्या, "लिंग हाय का गळ्यात? पूजा करून जेवायलास का?" तो शर्टाचं बटण काढून गळ्यातलं इष्टलिंग दाखवायचा. मागे पत्र्याची खोली आणि एकावर एक खाटा दिसायच्या. "वाळलास रे लय," असं त्या रोज म्हणायच्या आणि तो रोज म्हणायचा, "फोनमधी तसंच दिसतंय अक्का." तोही त्यांना अक्काच म्हणायचा.

हैदराबाद ते दमाम हा मार्ग आमच्या फीडमध्ये होता. आपल्या भागातून आखातात जाणारे बहुतेक हैदराबादवरूनच जातात. ती जोडी टाकण्याचा मान अक्कांचा, तिथे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या मार्गासाठी दमामचा फोटो हवा होता. कंपनीने समुद्रकाठच्या रोषणाईचा पाठवला होता. अक्का म्हणाल्या, असलं काही तिथे नाही, माझं लेकरू तिथंच राहतं. त्यांनी मन्मथकडून फोटो मागवला. त्याने पत्र्याच्या भिंतीवर वाळत घातलेल्या कामावरच्या निळ्या डगल्यांचा पाठवला, आणि अक्कांनी खरोखरच तो फीडला लावला. फोटो फार लहान आहे म्हणून मशीनने तो परत पाठवला, नाहीतर देशभरातल्या लोकांना "दमामला चला" म्हणून वाळत घातलेले डगले दिसले असते. त्या दिवशी अक्काही हसल्या. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

मग त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला मन्मथची सुट्टी मंजूर झाली. दिवाळी संपली की निघायचं, तिकीटसुद्धा काढून झालं होतं. फोनवर तो म्हणाला, "खिडकीजवळची सीट भेटलीय अक्का. बसून बघत येतो." अक्कांनी ऑफिसात गुळखोबरं वाटलं. आम्हाला कधी न दिलेली कारळाची चटणीही त्या दिवशी डब्यातून फिरली.

त्याच आठवड्यात पुण्याहून निरोप आला. दिवाळीची जाहिरात फक्त इथल्या लोकांना दाखवायची आहे, तेव्हा परदेशी मार्गांच्या परतीच्या ओळी काढून टाका. विमानं तशीच उडणार होती, फक्त त्यांची जाहिरात नको होती. परतीच्या तिकिटांची पानं कंपनीने इथल्यापुरती बंदही केली. सरांनी स्वतः त्या ओळी काढल्या. दुसऱ्या दिवशी अक्कांना तक्ता उघडल्यावर जोड्या मोडलेल्या दिसल्या. कुणाच्या हातून चुकून गेल्या असतील असं समजून त्यांनी सगळ्या पुन्हा टाकल्या. कुणाला विचारलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. मशीनला त्या ओळींमागे बंद पानं सापडली आणि त्याने सगळीच फीड अडवली. ऐन दिवाळीच्या तिकिटांच्या गर्दीत पूर्ण दिवसभर एकही जाहिरात निघाली नाही.

सर म्हणजे सेलूचाच मुलगा, पुण्यात नोकरी करून परत आलेला. टायपिंग तो अक्कांच्याच क्लासात शिकला होता आणि अजून त्यांना बाई म्हणायचा. पुण्याच्या फोनवर बोलणी खाऊन तो त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याला रागावताही येईना.

"बाई, त्या ओळी काढा."

"गेलेल्या माणसानं मग यायचं कसं?"

"येतील की बाई. विमान हायच. आपल्या तक्त्यात नसलं म्हणून काय झालं?"

"मग असू दे की तक्त्यात."

 सर खोलीभर नजर फिरवत म्हणाला, "हे काम गेलं तर हापीस बंद करावं लागंल बाई. ह्या सगळ्या पोरी घरी बसतील."

अक्कांनी आमच्याकडे पाहिलं. चष्मा पदराने पुसून पुन्हा घातला. मग एकेक परतीची ओळ निवडून त्या पुसत गेल्या. सर "मी करतो" म्हणाला, पण त्यांनी माऊस सोडला नाही. दमाम ते हैदराबाद सगळ्यात शेवटी पुसली. मी शेजारीच बसले होते. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

दिवाळी झाली. मन्मथच्या येण्याला थोडेच दिवस राहिले होते. सकाळची वेळ होती, ऑफिस नुकतंच झाडून झालं होतं. अक्का देशातल्या मार्गांच्या जोड्या टाकत होत्या. नुकतंच पुणे ते नागपूर टाकलं होतं, आणि फोन वाजला. दमामचा नंबर होता. अशा वेळी तो कधी फोन करत नसे. मी म्हटलं, "अक्का, फोन." त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली आणि नागपूर ते पुणे पुरं केलं. फोन वाजून वाजून बंद पडला आणि पुन्हा वाजायला लागला. तेव्हा उचलला. पलीकडे मन्मथच्या खोलीतला कुणी परप्रांतीय मुलगा होता. "अम्मा, मन्मथ सुबह उठा नहीं," इतकं मला ऐकू आलं. अक्कांनी विचारलं, "ड्यूटी को गया नहीं क्या?" तो मुलगा रडायला लागला.

झोपेतच गेला होता. छातीत काही झालं असावं, यापलीकडे कधीच कळलं नाही. त्याला आणण्यासाठी कागद लागत होते, आणि पासपोर्ट अजून मालकाच्या कपाटात होता. सर परभणीला कलेक्टर कचेरीत खेटे घालत राहिला, ईमेल करत राहिला. मी पेडगावला जाऊन अक्कांजवळ बसायचे. त्या रडत नव्हत्या. एकदाच म्हणाल्या, "माझ्याच हातानं पुसली गं." मी म्हटलं, "अक्का, तक्त्यानं कुणी मरतं का?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा ते बोलायची माझी छाती झाली नाही. माझं बोलणं खरं होतं आणि त्याचा त्यांना काडीचाही उपयोग नव्हता.

शेवटी पेटी आली. दमामहून हैदराबादला, विमानानेच, सामानाच्या कप्प्यात. तिथून अॅम्ब्युलन्समधून पेडगावला पोहोचायला दुपार झाली. अक्कांचे लोक लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात आणि मग माती देतात. भाऊबंदांनी सकाळीच शेतात खड्डा तयार ठेवला होता, बसत्या माणसाचा, रीतीप्रमाणे. पेटी उघडली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. मन्मथ लाकडासारखा ताठ झाला होता. इतके दिवस बर्फात राहिलेलं शरीर कुठे वाकणार? विधीला आलेले जंगम स्वामी जवळ येऊन हळूच म्हणाले, "अक्का, निजवूनच द्यावं लागंल."

"बसवा," अक्का म्हणाल्या. "बसून येतो म्हणला हुता त्यो."

स्वामींनी भाऊबंदांना खड्ड्याकडे खूण केली. मग चौघं जण फावडी घेऊन खड्ड्यात उतरले आणि तो लांब करू लागले. ऊन उतरेपर्यंत खणत होते. तोवर पेटी बाभळीच्या सावलीत, आणि अक्का पेटीला हात लावून बसलेल्या. फावड्यांच्या आवाजाशिवाय काहीच नव्हतं. इतकी वर्षं झाली, अजून कुठे खणताना फावडं वाजलं की मला ते शेत दिसतं आणि जेवण जात नाही.

दिवस सरले. उन्हाळ्याच्या तोंडाशी पुण्याहून पुन्हा निरोप आला की परदेशी मार्गांच्या परतीच्या ओळी परत टाका, सुट्टीत माणसं गावी येतात. सर तो निरोप बराच वेळ वाचत बसला. मग, का कुणास ठाऊक, त्याने पेडगावला फोन केला. मला त्याचा रागच आला होता. पण दुसऱ्या दिवशी अक्का सकाळच्या पॅसेंजरने आल्या. कपाळावर विभूती होती आणि अंगात काही उरलं नव्हतं. खुर्चीवर बसून त्यांनी तक्ता उघडला.

एकेक जोडी पुरी होत गेली. हैदराबाद ते दमामची ओळ आली. मी म्हटलं, "अक्का, ती मी टाकते."

"नको," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची लेकरं हायत तिथं."

दमाम ते हैदराबाद त्यांनी सावकाश टाकली, अक्षर न् अक्षर तपासून. फोटोच्या रकान्यात या वेळी कंपनीचाच रोषणाईचा फोटो राहू दिला. ओळ संपली. मी सवयीने त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो टेबलावर होता तसाच राहिला.

काम झाल्यावर त्यांनी खुर्चीवरची उशी काढून पिशवीत घातली, चष्म्याचं घर घातलं. सर उठून उभा राहिला, आम्हीही उठलो. दारात त्या थांबल्या, आमच्याकडे वळल्या.

"जाते," अक्का म्हणाल्या.

मी त्यांना परत बोलवायला जिन्यापर्यंत गेले, पण बोलावून म्हणायला काय लावणार? वरूनच म्हटलं, "या, अक्का." त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.