पत्ते वाटणारा दुसरा कोण?

अकरा कॉम्प्युटरवर परीक्षेची साइट उघडत नव्हती. परीक्षेला तासच उरला होता.

चाकणच्या एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीची ट्रेनिंग रूम. तीस नवे कॉम्प्युटर आमच्या टीमने बसवलेले, नेटवर्क मी लावलेलं. कॉन्ट्रॅक्टवरचे तीस कामगार ऑनलाइन परीक्षा देणार होते. पास झालं की कंपनीच्या रोलवर, म्हणजे पक्की नोकरी.

एचआरचे कुलकर्णी सर दारातच उभे. "मॅडम, काल सगळं चालू आहे म्हणालात."

"काल चालू होतं, सर."

"मग परीक्षा पुढच्या महिन्यात घेऊ."

असेंब्ली लाइनवरच्या संगीताताई मागून म्हणाल्या, "सर, माझं कॉन्ट्रॅक्ट ह्याच महिन्यात संपायलंय." ताई लातूरच्या.

सरांनी घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, "अर्धा तास द्या."

नेटवर्कवर प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा एक पत्ता लागतो. तो हाताने टाकत बसलं की चुका होतात. म्हणून डीएचसीपी नावाची सोय लावतात. कॉम्प्युटर सुरू झाला की पत्ता मागतो, पत्ते वाटणारा सर्व्हर त्याला मोकळा पत्ता देतो आणि बाहेर जायचा रस्ताही सांगतो. गेटवर पास मिळतो तसं.

संगीताताईंच्या कॉम्प्युटरचा पत्ता पाहिला. आमचे सगळे पत्ते दहाने सुरू होतात, हा एकशे ब्याण्णवने. म्हणजे पत्ते वाटणारं आणखी एक यंत्र कुठेतरी होतं. कॉम्प्युटर बिचारा ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं ऐकतो. अकरा जणांनी त्याचं ऐकलं असणार, आणि त्याने सांगितलेला रस्ता बाहेर जातच नव्हता.

सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या पेटीला स्विच म्हणतात. तिथे शोधलं, तर ते यंत्र बावीस नंबरच्या वायरवर निघालं. वायर मागच्या केबिनमध्ये जात होती. ट्रेनर शेख सरांच्या.

टेबलाखाली घरगुती वाय-फायचा राउटर लुकलुकत होता.

"सर, हा कुणाचा?"

"माझाच. काळेवाडीहून, घरून आणला. काल तुम्ही गेल्यावर लावला. मोबाइलवर सराव करायचा म्हणत होते सगळे, आणि इथे रेंज नाही." त्यांचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं का हे?"

"राउटरच्या चुकीच्या भोकात वायर गेलीय, म्हणून तोही पत्ते वाटत बसला. एवढंच."

राउटर काढला. अकराही कॉम्प्युटर परत सुरू केले. दहा लगेच लागले. अकराव्याची वायरच सैल होती. ती दाबून बसवली.

कुलकर्णी सरांनी विचारलं, "काय होतं?"

शेख सर बोलायला पुढे आले. त्यांच्या आधी मीच म्हणाले, "स्विचवर एक सेटिंग असतं. ते आपला सर्व्हर सोडून दुसऱ्या कुणालाच पत्ते वाटू देत नाही. ते मी काल करायला हवं होतं. नंतर करू म्हणून ठेवलं."

ते सेटिंग तिथेच उभ्याउभ्या केलं. परीक्षा दहा मिनिटं उशिरा सुरू झाली.

आठवड्याने शेख सरांचा फोन आला. चौघे राहिले, बाकी सगळे पास. संगीताताईही. त्या खोलीला कंपनीने रीतसर वाय-फाय मंजूर केलं. ते लावायला मीच गेले.

आता नव्या जागी गेले की ते सेटिंग पहिल्या दिवशीच करते. त्याच्याही आधी, खोलीत रोज बसणाऱ्या माणसाला विचारते, "तुम्हाला इथे काय लागतं?" काम सुरू करताना आम्ही जो फॉर्म भरतो, त्यात हा प्रश्न अजून नाही.