टिचकीसर

टिचकीसरांनी टिचकी मारली नाही अशी काच मी पाहिलेली नाही. कॉकपिटमधलं उपकरण असो, मेसमधलं घड्याळ असो की दवाखान्यातला वजनकाटा, नखाने दोनदा टकटक करायची, काटा काय करतो ते बघायचं आणि मगच त्याचं म्हणणं मनावर घ्यायचं. सर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले, मी कागलचा. हवाई दलात आम्ही एकाच हेलिकॉप्टरवर होतो. ते मुख्य वैमानिक, मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. चारचौघांत ते मला हुद्द्याने हाक मारायचे. इंजिन सुरू झालं की मी 'कागलकर' व्हायचो.

आमचं हेलिकॉप्टर माझ्याहून वयाने मोठं होतं. त्याबद्दल तक्रार करण्यापेक्षा थट्टा करणं सोयीचं पडे. होकायंत्राविषयी सर म्हणायचे, "ह्याला फकस्त रंकाळा कुठं हाय तेवढंच कळतंय. बाकीच्या दिशांशी त्येचं काय देणंघेणं न्हाय." उंची दाखवणारा काटा डोंगर ओलांडून झाल्यावर सावकाश वर चढायचा. "इचार करून बोलतोय," सर म्हणायचे.

सगळ्यांचा लाडका मात्र इंधनाचा काटा. तो कायम पाव टाकी कमी दाखवायचा आणि दाखवताना थरथरायचा. आम्ही सगळे मनातल्या मनात पाव टाकी मिळवायचो. नव्या वैमानिकाला पहिला धडा हाच. काटा शून्यावर आला की सर घरून आलेल्या चिवड्याचा डबा उघडायचे. "पाव टाकी हाय अजून. खाऊन घे."

एका सकाळी डोंगरावरच्या चौकीतून एका आजारी जवानाला आणायला गेलो. उंचावर जादा वजन नको म्हणून इंधन मोजकंच घेत असू. त्या दिवशीही काट्यात पाव टाकी मिळवून, लागेल तेवढंच घेतलं. जवानाला मागे झोपवलं होतं. त्याला धाप लागली होती, आणि त्याने डोळे मिटू नयेत म्हणून त्याचा सोबती त्याच्याशी सारखा बोलत होता. परतीच्या वाटेवर काटा शून्याला टेकला. मी सवयीने डब्याकडे पाहिलं. सरांनी काचेवर टिचकी मारली. पुन्हा मारली.

"कागलकर, ह्यो आज कापत न्हाय."

"सर, तळ समोरच्या डोंगरापलीकडे आहे. पाव टाकीत सहज जाऊ."

"रोज खोटं बोलताना कापतोय. आज कापत न्हाय, म्हंजे खरं बोलतोय. चला, उतरायचं."

खाली नदीच्या पात्रात गोट्यांचं एक सपाट बेट होतं, त्यावर उतरलो. सरांनी हात लावण्याआधी इंजिन आपणहून बंद पडलं. रेडिओवरून दुसरं हेलिकॉप्टर मागवलं, ते जवानाला घेऊन गेलं, आणि तो वाचला. चौकशीत कळलं की आमच्या मेकॅनिकने आदल्या दिवशी तो काटा खरोखरच दुरुस्त केला होता. त्याने हे सगळ्यांना सांगितलंही होतं. सगळे खूप हसले होते. मी आणि सरही हसलो होतो.

त्या दिवसानंतरचं माझं सगळं आयुष्य सरांच्या नखाची मेहेरबानी आहे. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी चिवडा पुढे केला असता.

यंदा दिवाळीनंतर त्यांना भेटायला मंगळवार पेठेत गेलो. आजार हाताबाहेर गेला होता. वहिनींनी मला दारातच थांबवलं. "त्यास्नी काय बी सांगू नका, भावजी. बरं वाटंल म्हणायचं नुस्तं."

सर खाटेवर होते. बोटाला लावलेल्या ऑक्सिजन मोजायच्या यंत्रावर टिचकी मारून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"डॉक्टर काय म्हणतोय?"

"सुधारणा आहे म्हणतात, सर. उन्हाळ्यात पन्हाळ्यावर जाऊ."

त्यांनी माझा हात हातात घेतला. मनगटावर नखाने दोनदा टकटक केली आणि बघत राहिले.

"कापतोयस की," ते म्हणाले.

मला रडू आवरेना. सर मात्र उशीला नीट टेकून बसले, खाली पात्रातलं बेट दिसल्यावर बसले होते तसे.

"चला, उतरायचं," ते म्हणाले. "त्या कपाटात चिवड्याचा डबा हाय. काढ."