साडूनं न घेतलेलं घड्याळ

कुठलीही वस्तू पहिल्या भेटीत विकत घेण्याचा गुन्हा माझ्या साडूच्या हातून आजवर घडलेला नाही. चाकणकडे निघोज्याजवळच्या एका कंपनीत तो क्वालिटीला आहे. आलेला माल तपासायचा, खोट काढायची आणि परत पाठवायचा, ही त्याची नोकरी. पण शिफ्ट सुटली तरी ती सुटत नाही. कुकर घ्यायला हा खिशात लोहचुंबक आणि टॉर्च घेऊन जातो. फ्रिज ठरवायला एक उन्हाळा पुरला नाही, म्हणून त्यानं दुसराही माठावर काढला. माझ्या मेहुणीला बघायला तो तीनदा आला होता, चौथ्यांदा येतो म्हणाला तेव्हा तिनंच निरोप धाडला, "आता आलात तर मुंडावळ्या बांधूनच या." आम्ही एकाच वयाचे, त्यामुळे आमच्यात अरे-तुरे चालतं. मी वैतागलो की तो शांतपणे म्हणतो, "घेताना दहा मिनिटं वाचवायची आणि मग दहा वर्षं चडफडायचं, हे आपल्याला जमत नाही राव."

अशा माणसाच्या हाती मी माझ्या वडिलांचं घड्याळ सोपवलं.

अण्णांचं हृदय थकलं होतं. पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटमधून खाली उतरणंही बंद झालं होतं. नजर अधू झाली, तसे मनगटावरच्या जुन्या घड्याळाचे काटे दिसेनासे झाले. गॅलरीत बसून ते दर थोड्या वेळानं आईला विचारायचे, "किती वाजले गं?" एकदा मला म्हणाले, "मला दिसेल असं एक घड्याळ आण रे." मी तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला. मोबाइलवर दोन मिनिटांत मागवणारच होतो, एवढ्यात साडू घरी आला आणि त्यानं माझा हातच धरला. "मागवतोस? पण कसलं? प्रकार तरी माहीत आहेत का?"

मला माहीत नव्हते. ती संध्याकाळ त्यानं प्रकार समजावण्यात घालवली. चावीचं घड्याळ रोज पिळावं लागतं. अण्णांची बोटं आखडलेली. ऑटोमॅटिकला चावी नसते, ते हाताच्या हालचालीवर चालतं. पण अण्णा दिवसभर खुर्चीत, हात हलणार किती? ते बंद पडायचं. स्मार्ट घड्याळ सारखं चार्जिंगला लावा. आकड्यांच्या डिजिटलला चार बटणं, चुकून एक दाबलं गेलं की गजर आवरायला शेजारी येणार. म्हणजे सेलचंच बरं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर तो म्हणाला, "सेलचं ठरलं. आता तबकडी, काटे, काच, पट्टा आणि जाडी बघू."

चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांसारखी त्याच्या कंपनीलाही गुरुवारी सुट्टी. दर गुरुवारी तो मोशीहून आमच्याकडे यायचा, बरोबर एखादं घड्याळ घेऊन. कधी मित्राचं, कधी दुकानदाराच्या हातापाया पडून दाखवायला आणलेलं. त्यानं अण्णांचं मनगट दोऱ्यानं मोजलं, सकाळी एकदा आणि सूज चढल्यावर दुपारी एकदा. गॅलरीत ऊन कुठून येतं आणि काच कधी चकाकते तेही बघून ठेवलं. चिंचवडच्या दुकानदारानं एकदा हात जोडले, "साहेब, मीच तुमच्या घरी येतो, दुकान तुम्ही चालवा." हे सगळं मला आई सांगायची, कारण गुरुवारी मी कामावर. रात्री घरी आल्यावर मी विचारायचो, "घेतलं का?" अण्णा म्हणायचे, "नाही रे. काटा बारीक होता." पुढच्या गुरुवारी पट्टा टोचायचा. त्यापुढच्या गुरुवारी टकटक ऐकू यायची. असे पाच महिने गेले. मी हताश झालो होतो. मोबाइल उघडून स्वतःच मागवावं असं रोज वाटायचं आणि रोज राहून जायचं.

एका मंगळवारी सकाळी, चहा पुढे असतानाच अण्णा गेले.

साडू धावत आला. सगळं उरकून आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो, तेव्हा माझा तोल गेला. "एक घड्याळ मागितलं होतं रे त्यांनी. एवढंसं. तेही तुझ्यामुळे मिळालं नाही." तो दिवसकार्याला आला, कोपऱ्यात बसला, न जेवता गेला. मग त्याचं येणंच थांबलं.

महिन्याभरानं आईजवळ मी पुन्हा तेच बोललो. आई भाजी निवडत होती. तिनं हात थांबवला. "त्याला कशाला बोलतोस? हेच मुद्दाम खोट काढायचे. मला म्हणाले, घड्याळ एकदा घेतलं की पाहुणे दर गुरुवारी कशाला येतील? दोघं तासन् तास बोलत बसायचे. यांच्या जुन्या कारखान्याच्या गोष्टी, मशीनच्या गोष्टी. बुधवारी संध्याकाळीच मला दाढीचं सामान काढून ठेवायला लावायचे."

ती पुन्हा भाजी निवडू लागली. माझ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मी त्याच घरात रोज रात्री आठला येत होतो, "जेवलात का?" विचारत होतो आणि उत्तराआधी मोबाइल काढत होतो.

मी रजा टाकली आणि मोशीला गेलो. साडू दारातच उभा राहिला, आत ये म्हणावं की नाही हे त्याला कळेना. मी उभ्या उभ्याच आईचं बोलणं त्याला सांगितलं. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शेवटच्या गुरुवारी आणलं होतं ते? पांढरी तबकडी, जाड काळे काटे, मऊ पट्टा... ते काटे फार जाड आहेत म्हणाले होते."

"आवडलं होतं त्यांना, आईनंच सांगितलं. तू गेल्यावर आईला म्हणाले, लांबून लख्ख दिसलं."

"लख्ख म्हणाले?"

"हो."

"म्हणजे बरोबर निवडलं होतं मी," तो म्हणाला, आणि दाराची चौकट धरून लहान मुलासारखा रडू लागला.

मेहुणीनं आम्हाला आत बसवलं, चहा ठेवला. चहा पिता पिता त्यानं अण्णांच्या कारखान्यातली एक गोष्ट सांगायला घेतली. ती मी कधी ऐकली नव्हती. मी म्हणालो, "सावकाश सांग. मला कुठं जायचं नाही."