पट्टीवरचे आणि किरकोळ

नात माझ्या ब्राउझरमधले बुकमार्क आवरायला बसली आणि माझं पितळ उघडं पडलं. ते लावले तेव्हाची, पन्नाशीतली मी भारी शिष्ट! वरच्या पट्टीवर तत्त्वज्ञान आणि शास्त्रीय संगीत, शोकेसमधल्या कपबश्यांसारखं, फक्त पाहुण्यांना दिसायला. रोज उघडायचं ते सगळं 'किरकोळ' नावाच्या फोल्डरमध्ये.

"आजी, तू रोज उघडतेस तो आईचा रेसिपींचा ब्लॉग किरकोळ?" नातीनं मोठ्यांदा विचारलं. सून मागेच उभी होती. मला मान वर करवेना. ब्राउझर बिचारा सांगू त्या नावाचा कप्पा करून देतो. कुणाला कुठे टाकायचं, हे शहाणपण माझंच.

सून मात्र हसली. "म्हणजे आकडेवारीत रोज सकाळी दिसणारा माझ्या ब्लॉगचा तो एकमेव वाचक तुम्हीच होय, आई?"

मीच. आणि 'छान लिहितेस' एवढं तिला एकदाही म्हटलं नव्हतं.