दोनदा उकळलेलं पाणी

माझं लेकरू वाचलं ते हट्टा गावात नळाचं पाणी सोडणाऱ्या, तपासणाऱ्या काकांमुळे. काका प्रत्येक गोष्ट दोनदा बोलतात आणि तीनदा विसळल्याशिवाय बाटलीत तपासायचं पाणी घेत नाहीत. घरापासून लांब, इथं हळदीच्या शेतावर मी कामाला. विहिरीभोवतीच्या हळदीला युरिया मीच टाकला होता. त्याच विहिरीचं पाणी दोनदा उकळून तान्ह्या लेकराच्या पावडरच्या दुधात घालायची. त्याचे ओठ निळे पडले, तेव्हा काकांनीच दवाखान्यात पोचवलं.

काका म्हणाले, "विहिरीत मुरलेलं खत उकळून जात न्हाई पोरी, जात न्हाई. पाणी आटतं, खत उरतं. त्यानंच लेकरू निळं पडलं."

सातवीतच शाळा सुटलेली; मला वाटलं, जास्त उकळलं की जास्त चांगलं. काका रागावले नाहीत. रोज सकाळी सायकलवरून धरणाच्या नळाच्या पाण्याचा कॅन आणून दारात ठेवतात. ते थकतील तेव्हा त्यांच्या दारात भरलेला कॅन मी ठेवीन.