पन्नासपैकी अकरा

नववीत असताना आमच्या वर्गाची भावनिक बुद्धिमत्ता मोजली गेली. बाहेरून एक बाई आल्या, छापील कागद वाटले आणि म्हणाल्या, "यात चूक-बरोबर काही नसतं. खरं लिहा." मी खरं लिहिलं. 'तुम्हाला रडू येतं का?' यापुढे 'कधीच नाही'वर खूण केली. 'मन मोकळं करायला कुणी आहे का?' नाही.

त्या वर्षी अम्मीची डावी बाजू लकव्यानं गेली होती. अब्बा जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर कामाला, दिवसभर बाहेर. अम्मीला उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं माझ्याकडे. माझा चेहरा जरा उतरला की ती रडायची, आणि रडली की घास घशात अडकायचा. म्हणून मी रडणं बंद केलं होतं. कागदावर त्याला रकाना नव्हता.

आठवड्यानं वर्गशिक्षकांनी सगळ्यांचे गुण मोठ्यानं वाचले. ते गुपित ठेवायचे असतात, हे मला फार नंतर कळलं.

"पन्नासपैकी अकरा," सर माझ्याकडे बघत म्हणाले. "ही पोरगी न्हाई, दगड आहे दगड."

वर्ग हसला. दहावी संपेपर्यंत मला तीच हाक पडत राहिली.

बारावीत असताना अम्मी गेली. वर्गातल्या दोघी मयतीला आल्या होत्या. माझे कोरडे डोळे बघून एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. तेव्हाच ठरवलं, दगड म्हणणाऱ्या त्या सरांना सोडायचं नाही. पुढं मानसशास्त्र घेतलं ते याच रागानं. लोकांना वाटतं, मला मुलांचा कळवळा होता.

गेल्या वर्षी शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, मुलांची भावनिक चाचणी कशी घ्यावी याचं. शिकवायला मी होते. यादीत सरांचं नाव मी तीनदा वाचलं. केस पांढरे झालेले, पुढच्याच रांगेत बसले होते. मला ओळखलं नाही. शाळेत आता मुलांच्या समुपदेशनाचं काम त्यांच्याकडेच होतं.

आधी मी शिक्षकांकडूनच चाचणी भरून घेतली. सरांचे गुण सगळ्यांत जास्त. कुठं काय लिहायचं हे त्यांना बराबर ठाऊक होतं. मी त्यांना उभं केलं, त्यांच्या परवानगीनं गुण वाचले. टाळ्या पडल्या. ते खुशीत होते.

"आता कागदाबाहेरचा एक प्रश्न," मी म्हणाले. "नववीतल्या एका मुलीला पन्नासपैकी अकरा पडले, म्हणून तुम्ही तिला वर्गापुढं दगड म्हणालात. तिच्या घरी तेव्हा काय चाललं होतं?"

सरांचं हसू थांबलं. "मॅडम, लई जुनी गोष्ट झाली. एवढं कुठं ध्यानात राह्यतं?"

"माझ्या राहिलं."

आणि भरल्या सभागृहात मी सगळं सांगितलं. लकवा, तो घास, मयतीतलं ते ढोसणं. सर उभेच होते. मी 'बसा' म्हणाले नाही.

चहाच्या वेळी ते जवळ आले. "चुकलं माझं. आता पुरे करा, मॅडम."

"न्हाई सर."

प्रशिक्षणाच्या अहवालात मी लिहिलं, की मुलांचे गुण वर्गात वाचून दाखवणाऱ्या या शिक्षकांकडे चाचणीचे कागद देऊ नयेत. जूनमध्ये समुपदेशनाचं काम शाळेतल्या दुसऱ्या बाईंकडे गेलं. सरांनी एका ओळखीच्याकडून निरोप धाडला, निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना तुम्ही माझी नाचक्की केली. निरोप सांगून तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाईट वाटेल अशी त्याची अपेक्षा असावी.

त्या दुपारी मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले.